चौथ्या सिलिंडरची भिंत

यासुनोरी जन्मला तेव्हा त्याचं आडनाव कुवाबारा होतं. कुवाबारांच्या घरात तीन मुलगे, आणि डोंगरउतारावरची कोन्याकूच्या कंदांची शेती एकाच संसाराला पुरेल एवढी. थोरल्याला शेत मिळालं, मधला टोकियोला नोकरीला गेला, आणि धाकट्या यासुनोरीला मिनेगिशींनी मागून घेतलं. मिनेगिशींचं किर्यू गावात इंजिनं बांधायचं वर्कशॉप होतं. मुलगी एकच, मुलगा नाही. अशा घरात जावई नुसता येत नाही, दत्तक येतो. लग्नाच्या दिवशी कचेरीत त्याचं आडनाव खोडलं गेलं आणि बायकोचं लागलं. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, ते सासरी चार दिवस पाहुणचार झोडून परत जाणाऱ्या जावयाबद्दल. घरजावयाच्या कुंडलीत सासरा हाच रवी, शनी आणि राहू.

आता यासुनोरी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, आणि गिऱ्हाइकं त्याला अजून ‘जावईबापू’ म्हणतात. त्याचं पाळण्यातलं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही.

मिनेगिशींकडे एकाच जातीचं इंजिन बांधलं जातं. लांब नाकाच्या जुन्या दोन दारी गाड्यांमधलं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं, बिडाच्या ब्लॉकचं. कारखान्यातून निघालं तेव्हा ते दीडशे घोड्यांचं होतं. मिनेगिशी त्याचे तीनशे करतात, तेही टर्बो न लावता. टर्बो म्हणजे पंपाने इंजिनात हवा कोंबणं. सासरा कात्सुझो त्याला आजाऱ्याला नळीने पेज पाजणं म्हणतो. त्याचं म्हणणं, इंजिनाने स्वतःच्या श्वासावर धावावं. मग सिलिंडर आतून कातून रुंद करा, लांब फेऱ्याचा क्रँक घाला, हवेच्या वाटा हाताने घासून मोठ्या आणि गुळगुळीत करा, वर कार्ब्युरेटरची सहा तोंडं बसवा. छाती मोठी करायची आणि नाक मोकळं करायचं, एवढाच हा धंदा आहे, पण त्यात जन्म जातो.

कात्सुझोला सगळे ‘ओयाजी’ म्हणतात, म्हणजे बाप आणि मालकही. तो शहाऐंशी वर्षांचा आहे. वर्कशॉपच्या मधोमध, रॉकेलच्या स्टोव्हशेजारी, जुन्या गाडीतून काढलेली एक सीट लाकडी चौथऱ्यावर ठोकून ठेवली आहे. ओयाजी सकाळी तिथे बसतो तो संध्याकाळी उठतो. नवा ब्लॉक आला की तांब्याची छोटी हातोडी घेऊन सहाही सिलिंडरच्या भिंतींवर टिचक्या मारायच्या, कान लावायचा, आणि किती मिलिमीटर कातलेलं झेपेल ते सांगायचं, ही त्याची ख्याती. ओतकाम करताना आतला साचा जरा सरकला तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, बाहेरून काही दिसत नाही. ओयाजीला ते आवाजावरून कळायचं. आणि इंजिन बांधून पूर्ण झालं, स्टँडवर सुरू केलं, की सगळे त्या सीटकडे बघायचे. ओयाजीने मान हलवली तर इंजिन पास. त्या मानेसाठी लोक दूर दक्षिणेतल्या क्यूशूहून ट्रक करून यायचे.

यासुनोरीलाही तीच मान हवी होती. ती इंजिनासाठी हलायची, त्याच्यासाठी नाही. एकतीस वर्षांत ओयाजीने त्याला कधी शाबास म्हटलं नाही. काम बरं झालं तर गप्प बसायचा, वाईट झालं तर बोलायचा.

ओयाजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला गावातल्या मोठ्या खाणावळीत जेवण झालं होतं. साके पोटात गेल्यावर म्हातारा उभा राहिला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “ज्या दिवशी मला सहा सिलिंडर सहा वेगळे ऐकू येणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतः शिडी लावून दुकानाची पाटी उतरवीन. शब्द आहे माझा.” टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या ओनोदेराने वाजवल्या. हा ओनोदेरा पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच ओळख करून देतो: वाळू-खडीचे ट्रक चालवणारा, मनाने उदार आणि तोंडाने भोंगा.

त्या वाढदिवसानंतर दोन वर्षांनी, हिवाळ्यात, यासुनोरी एका चालू इंजिनावर वाकला होता. काहीतरी तपासायला त्याने एका प्लगची वायर काढली. पाच सिलिंडरवर इंजिन लंगडायला लागलं, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळावं असं. पक्कड उचलण्याआधी त्याने सवयीने कंबरेच्या फडक्याला हात पुसले, आणि सीटवरून ओयाजीने गंभीरपणे मान हलवली. पास.

यासुनोरीने वायर परत बसवली. पुढच्या आठवड्यात त्याने मुद्दाम पाहिलं. चांगलं इंजिन मिनिटभर चालू ठेवलं आणि हात पुसले नाहीत, ओयाजी ढिम्म. हात पुसले, मान हलली. म्हाताऱ्याला इंजिन ऐकूच येत नव्हतं. तो जावयाच्या फडक्याकडे बघून मान हलवत होता, आणि कधीपासून कोण जाणे. डाव्या कानाशी जाऊन ओरडलं तर काहीतरी पोचायचं, पण बिडाची टिचकी आणि सहा सिलिंडरचे सहा आवाज कधीच गेले होते. कानात यंत्र घालणं म्हणजे पाटी उतरवणं, म्हणून तो विषयच घरात निघत नव्हता.

तेव्हापासून यासुनोरीने भिंतीची जाडी मोजायचं एक बोटभर यंत्र आणून कपाटात लपवलं. ओयाजीने हातोडी मारून आकडा सांगायच्या आधी तो गुपचूप मोजून घ्यायचा आणि जितकं कातायचं तितकी बोटं चहाचा पेला ठेवताना स्टोव्हच्या कडेवर टेकवायचा. ओयाजी टिचक्या मारायचा, डोळे मिटायचा आणि तोच आकडा सांगायचा. दोघांत यावर कधी एक शब्द झाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण झाकून धरणाऱ्या हाताला रग लागते. ज्या मानेसाठी एकतीस वर्षं घासली ती आता त्याच्याच फडक्याला बांधलेली होती. स्वतःच स्वतःची पाठ थोपटायची, तीही दुसऱ्याच्या हाताने, आणि लोकांनी वाकून नमस्कार करायचा तो त्या दुसऱ्याला. त्याला राग यायचा, फार राग यायचा. एक वाक्य मोठ्याने बोललो की पाटी उतरेल आणि मी सुटेन, हे त्याला माहीत होतं. मग सीटवर कोट गुंडाळून बसलेला म्हातारा दिसायचा, आणि ते वाक्य घशातच राहायचं. त्या सीटवरून उठवल्यावर हा माणूस जगला असता असं त्याला वाटत नव्हतं.

सुटकेची एक गोष्ट मात्र त्याने जपून ठेवली होती. मागच्या पडवीत, जुन्या गादीच्या खोळीखाली, त्याचा स्वतःचा एक ब्लॉक होता. तरुणपणी भंगारवाल्याकडे मिळालेला, सहाही भिंती सगळीकडून सारख्या जाड असलेला. असा ब्लॉक हजारांत एखादा. दर नवीन वर्षाला तो खोळ काढायचा, ग्रीस लावायचा आणि परत झाकायचा. साठी झाली की त्यावर आपल्या मनासारखं इंजिन बांधायचं, झाकणावर मिनेगिशींची पितळी पट्टी न ठोकता, आणि गाडीत घालून थेट उत्तरेकडे होक्काइदोला जायचं, परत कधी यायचं ते तिथे ठरवायचं. ब्लॉकच्या खालच्या कडेला त्याने पंचने एक छोटं अक्षर उमटवलं होतं: तुतीचं. कुवाबारा म्हणजे तुतीचं रान. त्याच्या आडनावातलं एवढंच अक्षर त्याच्याकडे उरलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला. आमच्या या मुलखात दोनच गोष्टींचा जोर, हा वारा आणि घरात बायकोचा हुकूम. वाऱ्याबरोबर ओनोदेरा आला. बरोबर दोन मित्र, आणि ट्रकमध्ये एक ब्लॉक.

“ओयाजी, कोंबडा आणलाय, कापा!” तो दारातूनच ओरडला. “वसंतात फुजीच्या ट्रॅकवर मेळावा आहे. साइतामातल्या त्या टकल्याने एकोणनव्वद मिलिमीटरला कातलंय. मला नव्वद पाहिजे. एक केसही कमी नको!”

“आधी ठेवून तर जा,” यासुनोरी म्हणाला. “दोन दिवसांनी बघून सांगतो.” त्याला मोजायला वेळ हवा होता.

“तू काय सांगणार जावईबापू? सांगणारे ते बसलेत.” ओनोदेराने मित्रांकडे बघून डोळा मारला. “यांना मुद्दाम दाखवायला आणलंय. ओयाजी, वाजवा!”

ब्लॉक बाकावर चढला. ओयाजीला दोन अनोळखी माणसं आणि समोर ब्लॉक दिसला, म्हणजे काय करायचं ते कळलं. तो उठला, हातोडी घेतली आणि एकेका भिंतीवर टिचकी मारत डोकं कलतं करून गेला. मित्रांनी श्वास रोखला. यासुनोरी स्टोव्हपाशी रिकाम्या हाताने उभा होता. टेकवायला त्याच्याकडे बोटंच नव्हती.

“नव्वद झेपेल ना, ओयाजी?” ओनोदेरा उजव्या कानाशी वाकून बोलला. “सहाच्या सहा? अगदी मूळ बिडात? आत दुसरी नळी ठोकलेली मला नाही चालायची.”

इथे समोरचा बोलत असला की आपण मान हलवत राहायची, ही रीत आहे. ‘हं, हं, बोला, ऐकतोय’, एवढाच तिचा अर्थ. पोस्टातला कारकूनही हलवतो, चहा पिताना शेजारीणही हलवते. ओयाजीला ओठ हलताना दिसले आणि त्याने रीतीप्रमाणे नंदीबैलासारखी मान डोलावली. पण ही मान पोस्टातल्या कारकुनाची नव्हती. टिचक्या मारून झाल्यावर, ब्लॉकसमोर उभं राहून हललेली होती.

“ऐकलंस ना?” ओनोदेराने यासुनोरीच्या पाठीत थाप मारली. “नव्वद!”

ते गेल्यावर यासुनोरीने कपाटातलं यंत्र काढलं. पाच सिलिंडर ठीक होते. चौथ्याची बाहेरची भिंत साचा सरकल्याने पातळ होती, आणि पाण्याच्या पोकळीच्या बाजूने गंजाने खाल्ली होती. नव्वद करायचं तर दोन मिलिमीटर कातावे लागणार, आणि भिंतच तिथे जेमतेम तेवढी. त्याने पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

मित्सुए स्वयंपाकघरात पट्ट्यासारख्या रुंद शेवया उकळत होती. ती मिनेगिशींची मुलगी, दुकानाची खरी मालकीण. नवऱ्याचा चेहरा बघून तिने गॅस बारीक केला.

“भिंत फुटणार,” यासुनोरी म्हणाला. “आज नाही तर ट्रॅकवर.”

“मग बाबांना सांग.”

“तू सांग.”

“मी का? इंजिनाचं काम तुझं.”

“इंजिनाचं नाही सांगायचंय, कानाचं सांगायचंय. मी घरजावई, माझ्या तोंडी ते शोभतं का?”

“आणि मुलीने बापाला बहिरा म्हटलेलं शोभतं होय?” तिने चिमटा आपटला. “ओनोदेराला एकट्याला गाठून सांग. ब्लॉकच खराब आहे म्हणावं.”

“ओयाजींनी सगळ्यांदेखत हातोडी मारून मान हलवलीय. ब्लॉक खराब म्हटलं की त्यांचे कान खराब झालेच. आणि ओनोदेराला एकट्याला सांगायचं म्हणजे वेशीवर भोंगा लावण्यासारखं. रविवारी आकागीच्या पायथ्याला गाड्या जमतात, तिथे सगळ्यांना कळेल, आणि सोमवारी तुझे बाबा शिडी मागतील.”

 शेवया उतू गेल्या तरी मित्सुएचं लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाली, “बाबा शिडी चढतीलही रे. या वयात, या वाऱ्यात.”

तीन आठवडे यासुनोरीने तो ब्लॉक टाळला. जवळून जाताना तो त्याच्याकडे बघायचा नाही. रोज सकाळी ओयाजी सीटवर बसायचा, रोज ब्लॉककडे बोट दाखवून भुवया उंचवायचा, आणि रोज यासुनोरी दुसरंच काम हातात घ्यायचा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण निदान त्या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला जागा असते. त्याला तीही नव्हती. कान गेले म्हणायचं की हात गेला म्हणायचं, दोनच वाटा होत्या. कान त्याचे नव्हते, म्हणून ते देण्याचा हक्कही त्याला नव्हता. हात मात्र त्याचा स्वतःचा होता.

एका सकाळी त्याने ब्लॉक बोअरिंग मशीनवर चढवला. एरवी बांधायला लागतो त्यापेक्षा जास्त काळजीने बांधला. पहिला, दुसरा, तिसरा सिलिंडर सुरळीत कातला. बिडाचा काळा भुगा हातावर पडत राहिला. चौथ्याला त्याने पाव पाव मिलिमीटरने पुढे नेलं, आणि शेवटच्या घासात आतल्या चकाकत्या भिंतीवर तांबूस ठिपका उमटला. मग त्या ठिपक्याला भोक पडलं आणि पोकळीतला गंज कातणीबरोबर बाहेर आला. यासुनोरीने मशीन बंद केलं. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही ब्लॉक वाया गेला नव्हता. आपण कुठे फोडणार हे पक्कं माहीत असताना फोडलेला हा पहिलाच. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याने ओनोदेराला फोन केला.

ओनोदेरा आला तेव्हा यासुनोरी फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वाकला. “माझा हात चुकला. ब्लॉक नीट बसवला नाही, तिरका कातला गेला. चूक पूर्ण माझी.”

“चूक!” ओनोदेराचा आवाज फाटला. “अरे, वर्षभर शोधून आणला होता तो ब्लॉक! ओयाजींनी स्वतः पारखला होता! पोरखेळ वाटला का?” तो सीटकडे धावला आणि म्हाताऱ्याच्या डाव्या कानाशी, नेमक्या चालणाऱ्या कानाशी ओरडला, “तुमच्या जावयाने माझा ब्लॉक मारला, ओयाजी!”

ओयाजी उठला. मशीनपाशी आला, चौथ्या सिलिंडरमध्ये हात घातला आणि भोकाच्या कडेवरून तर्जनी फिरवली. ती बराच वेळ फिरत राहिली. कड कागदासारखी पातळ होती आणि बोटाला गंज लागला. तिरक्या कातणीने अशी कड होत नाही, हे साठ वर्षं बीड कातणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने बोटाकडे पाहिलं, मग जमिनीला टेकलेल्या जावयाच्या मानेकडे पाहिलं. यासुनोरीने कपाळ वर केलं नाही, पण त्याला वाटलं, आता. आता म्हातारा बोलेल, पाटी उतरू दे, काय व्हायचं ते होऊ दे.

“याला सांगितलं होतं मी,” ओयाजी बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, “नीट धर म्हणून.” आणि सीटवर जाऊन बसला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. यासुनोरीची बोटं फरशीवर आवळली गेली. दाराशी मित्सुए उभी होती. ती बापाकडे अशी बघत होती की मी तिच्या जागी असतो तर काहीतरी फेकून मारलं असतं. 

“माझ्याकडे एक ब्लॉक आहे,” यासुनोरी कपाळ न उचलता म्हणाला. “चांगला आहे. नव्वद झेपेल. वसंतापर्यंत इंजिन देतो.”

रात्री मित्सुएने विचारलं, “हात घसरला म्हणे. तुझा?” तो हसला फक्त. “आणि पडवीतला ब्लॉक का?” ती म्हणाली. “तो होक्काइदोचा होता ना?” मग मात्र त्याला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गादीची खोळ काढली. इतक्या वर्षांचं ग्रीस पुसताना हात जड झाले. नव्वद मिलिमीटरला सहाही सिलिंडर लोण्यासारखे कातले गेले. चौथ्याची भिंतही भरभक्कम राहिली. मग डिझेल गाडीतला लांब फेऱ्याचा क्रँक, हलके पिस्टन, आणि वरचं हेड. हवेच्या वाटा घासायला त्याने सगळा हिवाळा घेतला. बोट आत घालून वळण पाहायचं, अडखळलं तिथे घासायचं, पुन्हा बोट घालायचं. दुसऱ्याच्या नावाने जाणारं इंजिन आहे, जेमतेम चालेल असं करून टाकावं, असं रागाच्या भरात त्याने ठरवलंही होतं. पण वाईट काम करायला हात वळेना. ओयाजी सीटवरून बघत असायचा. दोघं एकमेकांशी बोलायचे ते जेवणापुरतं.

बाहेर गोष्ट पसरली होती. जावयाने ब्लॉक फोडला, ओयाजींनी दुसरा शोधून काढला आणि आता ते स्वतः मागे उभे राहून इंजिन बांधून घेतायत. भाजीवालासुद्धा यासुनोरीला म्हणाला, “होतं असं कधीकधी, जावईबापू. म्हातारे आहेत तोवर शिकून घ्या.” यासुनोरीने मान हलवली. रीत आहे.

एप्रिलात चेरीचा बहर झडायला लागला तेव्हा इंजिन स्टँडवर चढलं. ओनोदेरा आठ-दहा माणसं घेऊन आला. अंगणात मित्सुए काठीला टोचलेले मांजू, म्हणजे वाफवलेल्या पिठाचे गोळे, शेगडीवर भाजत होती, त्यांना फासलेल्या गोडसर मिसोचा वास सगळीकडे पसरला होता. झाकणावर पितळी पट्टी चकाकत होती: मिनेगिशी कात्सुझो.

यासुनोरीने इंजिन सुरू केलं. गरम होऊ दिलं. रबरी नळी कानाला लावून कार्ब्युरेटरच्या सहा तोंडांचा श्वास एकेक करून ऐकला, स्क्रू जुळवले आणि मग थ्रॉटल उघडला. आवाज आधी पायांतून आला, मग छातीत. सहा तोंडांनी वर्कशॉपमधली हवा ओढून घेतली, कॅलेंडरची पानं फडफडली. असं इंजिन या छपराखाली आजवर झालं नव्हतं. सगळ्यांनी सीटकडे पाहिलं. यासुनोरीने फडक्याला हात पुसले.

ओयाजीने मान हलवली.

माणसं कंबरेत वाकली. ओनोदेराच्या डोळ्यांत पाणी होतं. “ओयाजी, तुम्ही आहात म्हणून!” तो डाव्या-उजव्या दोन्ही कानांशी ओरडला, आणि जाताजाता यासुनोरीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “बघितलंस ना? असं करायचं असतं. मनात ठेवू नकोस, मी तर कधीच विसरलो.” सगळे हसत अंगणात मांजू खायला गेले.

नवं इंजिन थोडा वेळ तसंच मंद चालू ठेवायचं असतं, म्हणून यासुनोरी मागे थांबला. ओयाजीही थांबला. तो सीटवरून उठला, हळूहळू चालत आला, आणि ब्लॉकच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवत गेला. एका जागी अंगठा थांबला. तिथे तुतीचं अक्षर होतं.

“ब्लॉक तुझा होता,” ओयाजी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते दुसऱ्या कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

यासुनोरी उभा राहिला. ओयाजीने हात तिथेच ठेवला आणि इंजिनाकडे न बघता जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकं त्या सीटकडे बघतात तसं.

“कसं वाजतंय?” त्याने विचारलं.

यासुनोरीच्या मनात सगळं एकदम उसळलं. हे तेव्हा विचारायचं होतं, फरशीवर डोकं टेकून होतो तेव्हा, माणसांदेखत. ओरडून सांगावं असंही वाटलं, पण इंजिन चालू होतं, ओरडून काही पोचलं नसतं. म्हातारा तसाच बघत राहिला. 

मग यासुनोरीने डोळे मिटून ऐकलं. सहा सिलिंडर सहा वेगळे ऐकले, चौथ्यावर जरा जास्त थांबला. घाई केली नाही, कारण एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारलं होतं. आणि त्याने मान हलवली.

ओयाजीने डोळे पुसले.

“जावईबापू!” अंगणातून ओनोदेराची हाक आली. “ओयाजींना घेऊन ये रे, मांजू गार होतायत!”

यासुनोरीने इंजिन बंद केलं, सासऱ्याच्या कोपराखाली हात घातला आणि त्याला उन्हात नेलं. सगळ्यांनी उठून ओयाजींना मधली जागा दिली. यासुनोरीला कडेला उभं राहून खावं लागलं.